वाचकांचे प्रश्न : साधन मिळण्याचा हक्क आणि नाकारण्याचाही

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे कुटुंब नियोजनाविषयी बरीच पत्रे आली. कोणते साधन चांगले, हा नेहमीचा प्रश्न त्यांत कमीच होता. साधने उपलब्ध असूनही ती काहींच्या वाट्याला का येत नाहीत, आणि काहींच्या मात्र न विचारता गळ्यात का मारली जातात, हे बहुतेकांना विचारायचे होते. त्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ठिकाणे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे गोळ्या, इंजेक्शन, तांबी हे सारे मोफत मिळते आणि दारावर तसा फलकही आहे. तरीही वस्तीतल्या सर्वांत गरीब बायका येत नाहीत. सभा घेतल्या, पत्रके वाटली. वरिष्ठ म्हणतात, या लोकांत जागृतीच नाही. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरे उत्तरही नाही.

उत्तर : तुम्हाला ते पटत नाही, हे योग्यच आहे. ‘जागृती नाही’ हे कारण आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांना फार सोयीचे पडते, कारण ते एकदा मान्य केले की केंद्रात काही बदलण्याची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १५ ते ४९ या वयाच्या सुमारे १९० कोटी स्त्रिया होत्या. त्यांतील ११० कोटींना कुटुंब नियोजनाची गरज होती आणि त्यांपैकी १६ कोटी ४० लाख स्त्रियांची ती गरज भागलेली नव्हती. म्हणजे मूल नको किंवा इतक्यात नको, तरीही हाताशी साधन नाही, अशी त्यांची स्थिती होती. अशा स्त्रियांना कारण विचारले, तर ‘असे काही असते हेच ठाऊक नव्हते’ असे सांगणाऱ्या थोड्याच निघतात. अंगावर जास्त जाईल, पुढे मूल होणार नाही, घरचे रागावतील, तिथे गेल्यावर आपल्याला नीट बोलत नाहीत, अशी उत्तरे अधिक ऐकू येतात.

काही वर्षांपूर्वी मी एका केंद्राच्या बाकावर ओळख न देता एक सकाळ बसून काढली. कडेवर तान्हे मूल असलेली एक बाई दोन तासांपासून रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या कर्मचाऱ्याने मान वर न करता, साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “कशासाठी आलात?” बाईने मागे वळून पाहिले. तिच्या मागे तिच्याच वस्तीतल्या चार बायका आणि दोन पुरुष उभे होते. “डोकं दुखतंय,” ती म्हणाली. डोकेदुखीच्या चार गोळ्या घेऊन ती निघून गेली. त्या दिवशीच्या नोंदवहीत ती डोकेदुखीची रुग्ण म्हणून गेली असणार. फलक, मोफत साधने आणि प्रशिक्षित कर्मचारी यांपैकी कशाचीही तिथे उणीव नव्हती. उणीव होती ती दार लावून बोलता येईल अशा एका खोलीची आणि हळू आवाजात विचारण्याची.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपल्याच केंद्रात एकदा रुग्ण होऊन बसून पाहा. किती वेळ थांबावे लागते, पहिला प्रश्न कोण आणि कुठे विचारतो, आणि साधन हातात पडेपर्यंत किती अटी पार कराव्या लागतात, हे मोजा. यांतील कित्येक अटींना वैद्यकीय आधार नसतो. पाळी चालू असतानाच या, आधी लघवी तपासून आणा, नवऱ्याची सही आणा, एक तरी मूल होऊ द्या, लग्न झाले आहे का, हे सारे आपण सवयीने विचारतो. प्रत्यक्षात गोळ्या, इंजेक्शन किंवा त्वचेखालची कांडी, म्हणजे इम्प्लांट, सुरू करण्यासाठी आतून तपासणी लागत नाही. ती तांबी बसवण्यासाठी लागते. मिश्र संप्रेरकांच्या गोळ्यांपूर्वी रक्तदाब पाहणे चांगले. दिवस राहिलेले नाहीत ना, याची खात्री बहुतेक वेळा पाच-सहा साध्या प्रश्नांनीच करता येते. कमी वय किंवा मूल नसणे, एवढ्याच कारणावरून तात्पुरते साधन नाकारावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष कुठेही सांगत नाहीत. ज्या स्त्रीची दिवसाची मजुरी बुडते, तिच्यासाठी ‘उद्या पुन्हा या’ हा सौम्य शब्दांतला नकारच असतो. सुखवस्तू स्त्री तीन फेऱ्या मारू शकते, म्हणून एकच नियम दोघींना सारखा लागू केला तरी तो दोघींना सारखा पडत नाही.

दुसरी सूचना वेळेविषयी. आठवड्यातून एक-दोन दिवस तरी कामावरून सुटल्यानंतरच्या वेळात केंद्र उघडे ठेवता येईल का, ते पाहा. इंजेक्शनसाठी दर तीन महिन्यांनी येणे ज्यांना जमत नाही, त्यांना त्वचेखाली घेण्याचे इंजेक्शन स्वतः टोचायला शिकवता येते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याआधी मलावी या देशात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे घरी स्वतः इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांपैकी ७३ टक्के स्त्रियांनी ते वर्षभर चालू ठेवले, तर केंद्रात येऊन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होते. औषध तेच होते. तुमच्या वरिष्ठांना दाखवण्यासारखा हा आकडा आहे.

तिसरी गोष्ट मोजमापाची. महिनाअखेरीस किती तांब्या बसल्या आणि किती शस्त्रक्रिया झाल्या, हे आपण वर कळवतो. त्याबरोबर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तीन प्रश्न विचारून पाहा : इतर साधनांविषयी सांगितले का, त्रास काय होऊ शकतो ते सांगितले का, आणि त्रास झाला तर काय करायचे ते सांगितले का? जगभरच्या सर्वेक्षणांत हे तीन प्रश्न वापरले जातात. तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्यांमध्ये सर्वांत गरीब वस्तीतल्या बायका किती आहेत, हे वेगळे काढा. आपल्या केंद्राचे खरे चित्र तुम्हाला तिथे दिसेल.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. लहानपणापासून चाकाच्या खुर्चीवर आहे, नोकरी करते, आणि काही महिन्यांत माझे लग्न होणार आहे. मूल हवे की नको हे आम्ही अजून ठरवलेले नाही, म्हणून सध्यापुरते साधन विचारण्यासाठी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सगळा वेळ माझ्या आईशीच बोलत राहिल्या. शेवटी त्यांनी तिला सांगितले की, “गर्भपिशवीच काढून टाका, पाळीचाही त्रास वाचेल.” मला याचा फार अपमान वाटला. पण त्यांचे म्हणणे बरोबर असेल का, अशी भीतीही वाटते.

उत्तर : ताई, अपमान वाटला तो योग्यच वाटला, आणि भीती बाळगण्याचे कारण नाही. गर्भाशय काढणे ही गर्भनिरोधाची पद्धत नाही. ती गंभीर आजारासाठी करायची मोठी शस्त्रक्रिया आहे. चाकाची खुर्ची हे तिचे कारण होऊ शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारला. त्याच्या २३व्या कलमात अपंग व्यक्तींना मुलांची संख्या आणि त्यांतील अंतर मुक्तपणे ठरवण्याचा हक्क आहे, आणि आपली प्रजननक्षमता इतरांप्रमाणेच राखण्याचाही हक्क आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. ते लिहावे लागले, याला इतिहास आहे. जपानमध्ये १९४८ ते १९९६ या काळात एक कायदा अस्तित्वात होता आणि त्याखाली सुमारे २५ हजार लोकांची नसबंदी झाली. त्यांत अपंग आणि मनोरुग्ण माणसे होती, आणि अनेकांची संमती कधी विचारलीच गेली नव्हती. जुलै २०२४ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाविरोधी ठरवला, तेव्हा दाद मागणाऱ्यांपैकी कित्येक जण म्हातारे झाले होते.

आता तुमच्यापुरते बोलू. तुमच्या शरीराची माहिती नसताना नेमके एक साधन सुचवणे बरे नाही, पण डॉक्टरांशी काय बोलायचे ते सांगते. दीर्घकाळ बसून किंवा पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्यांनीही ती वाढते. म्हणून या गोळ्या सुरू करण्यापूर्वी हा विषय तुम्ही स्वतःहून काढावा. तीन महिन्यांच्या इंजेक्शनने हाडांची घनता काही प्रमाणात कमी होते, आणि चालणे नसल्याने हाडे आधीच कमजोर असतील तर त्याचा विचार करावा लागतो. तांबी किंवा संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन तुम्हाला चालू शकते. दुसऱ्या प्रकाराने पाळीचा रक्तस्राव बराच कमी होतो, आणि खुर्चीवरून उठबस करणाऱ्या अनेक स्त्रियांना ते सोयीचे वाटते. मात्र कमरेखाली संवेदना कमी असतील, तर संसर्ग झाल्यास किंवा साधन सरकल्यास होणारी वेदना तुम्हाला जाणवणार नाही. अशा वेळी तपासणीच्या तारखा पक्क्या ठरवून घ्याव्यात. दंडाच्या त्वचेखाली बसवण्याची कांडी हाही चांगला पर्याय आहे. तिच्या प्रकारानुसार ती तीन ते पाच वर्षे काम करते, पण काही जणींना मधूनमधून अनियमित रक्तस्राव होतो.

पुढच्या भेटीत आईला बाहेर बसायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. डॉक्टर तरीही आईकडेच पाहून बोलल्या, तर “प्रश्न मला विचारा” असे शांतपणे म्हणा. तपासणीच्या टेबलावर चढण्यासाठी मदत लागणार असेल, तर ती कोणी आणि कशी करावी हे आधीच सांगून ठेवा. तुम्हाला ही तयारी करावी लागते, हे खरे तर आमच्या व्यवसायाला लाजिरवाणे आहे. टेबलाची उंची कमी करता येण्यासारखी असावी आणि दारातून खुर्ची आत जावी, एवढे तरी आम्हाला जमायला हवे.

प्रश्न : माझ्या पत्नीला प्रसूतीच्या कळा सुरू असताना एका कर्मचाऱ्याने कागद पुढे केला आणि “आता हे तिसरे, सही करून टाका” असे सांगितले. तिने सही केली. नंतर कळले की ती नसबंदीची संमती होती. ती आता म्हणते, “मला नको होते असे नाही, पण मला विचारले असते तर बरे झाले असते.” अशी सही कायदेशीर ठरते का? तक्रार करावी की विषय सोडून द्यावा?

उत्तर : देशागणिक कायदे वेगळे असतात, म्हणून तुमच्या प्रकरणाचा निकाल मी येथे देणार नाही, स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. वैद्यकीय नीतीच्या बाजूने मात्र उत्तर ठाम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की, प्रसूतीच्या कळा चालू असताना किंवा अशाच अगतिक अवस्थेत स्त्रीकडे नसबंदीची संमती मागू नये. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जे संयुक्त निवेदन काढले, त्याचाही सूर हाच आहे.

तुमच्या पत्नीसारख्याच एका स्त्रीने हा प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला होता. स्लोव्हाकियातील रोमा समाजाची ही स्त्री २००० साली बाळंत होत असताना, पुढच्या गरोदरपणात तुम्ही तरी मराल किंवा बाळ तरी मरेल, असे तिला सांगण्यात आले. “काय करायचे ते करा,” असे म्हणून तिने सही केली. कागदावरच्या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. नसबंदी ही जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया नसते, आणि तशा अवस्थेत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे, असे त्या निकालाचे सार आहे.

तुमच्या पत्नीचे वाक्य मी दोनदा वाचले. तिला कदाचित तीच शस्त्रक्रिया हवी झाली असती, आणि तरीही तिच्यावर अन्याय झाला आहे, ही गोष्ट तिने नेमकी पकडली आहे. गरोदरपणातल्या महिन्यांत तिला सांगता आले असते की, हे कायमचे आहे. कांडी आणि तांबीही जवळजवळ तितक्याच परिणामकारक असून काढता येतात. पुरुषाची नसबंदी अधिक सोपी आणि कमी जोखमीची असते. आणि शेवटच्या क्षणीही ‘नको’ म्हटल्यास उपचारात काही कमी पडणार नाही. या चार गोष्टी सांगायला दहा मिनिटे लागतात. तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू द्या. ती करायची असेल, तर प्रसूतीची कागदपत्रे आणि संमतीपत्राची प्रत लेखी अर्ज करून मागून घ्या, आणि सहीची वेळ व प्रसूतीची वेळ शेजारी शेजारी मांडा.

प्रश्न : मी दुसऱ्या प्रांतातून कामासाठी आलेली आहे. माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला क्षयरोगाचे औषध चालू आहे. ती गर्भनिरोधक गोळ्या एक दिवसही न चुकवता घेत होती, तरी तिला दिवस गेले. दवाखान्यात म्हणाले, गोळी विसरली असणार. तिला इथली भाषा नीट येत नाही. मी दुभाषी म्हणून सोबत जाते.

उत्तर : तुमच्या मैत्रिणीवर अविश्वास दाखवण्यापूर्वी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता : आणखी कोणती औषधे चालू आहेत? क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे औषध असते. ते यकृतातील विकरांचा, म्हणजे औषधे मोडणाऱ्या घटकांचा (एन्झाइम्सचा), वेग वाढवते, त्यामुळे गोळीतील संप्रेरके शरीरातून लवकर निघून जातात आणि नियमित घेतलेली गोळीही निकामी ठरू शकते. अपस्माराच्या काही औषधांनीही असेच होते. तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर मात्र रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही, आणि तांबीवरही होत नाही. फक्त ओटीपोटाचा क्षयरोग असेल तर तांबी बसवत नाहीत.

सध्या क्षयरोगाचे औषध तिने मनाने बंद करू नये. गरोदरपणातही नेहमीचा उपचार चालू ठेवतात, आणि केवळ रिफॅम्पिसिन घेतले म्हणून गर्भपात करावा लागत नाही. गरोदरपण ठेवायचे की नाही, हा निर्णय तिचा आहे. तिथल्या कायद्यानुसार काय शक्य आहे, हे तिने पात्र डॉक्टरांकडून या आठवड्यातच जाणून घ्यावे, कारण दिवस वाढतात तसे पर्याय कमी होतात. तुम्ही तिच्यासोबत जाता हे मोलाचे आहे. एवढेच पाहा की, तुम्ही तिचे शब्द जसेच्या तसे सांगाल आणि डॉक्टरांचेही. जिथे मुकादम किंवा सासू दुभाषी म्हणून उभी असते, तिथे बाईचा प्रश्न डॉक्टरपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. म्हणून हे काम केंद्रानेच नेमलेल्या त्रयस्थ व्यक्तीने करावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आपल्या सदरातील भूमिका मला भाबडी वाटते. गरिबांना मुले जास्त होतात, त्यामुळे ते गरीबच राहतात आणि बोजा सर्वांवर पडतो. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना पैसे दिले आणि न घेणाऱ्यांच्या सवलती काढल्या, तर बिघडले कुठे? शेवटी त्यांचेच भले होणार आहे.

उत्तर : आपण मनातले सरळ लिहिलेत, म्हणून मीही सरळ लिहिते. या विचाराचा प्रयोग जगात अनेकदा झाला आहे, आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही नोंदलेले आहे. पेरू देशात १९९६ ते २००० या काळात अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांत डोंगराळ भागातल्या क्वेचुआ भाषक गरीब स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांना ठरावीक आकडा गाठायचा होता, आणि हजारो स्त्रियांनी पुढे सांगितले की आम्हाला फसवून किंवा धमकावून नेले. भारतात नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर दहापेक्षा जास्त स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्यास सांगितले. या दोन्ही ठिकाणी कोणी क्रूरपणा करायचा म्हणून केला नव्हता. वरून आकडा आला, आणि तो पूर्ण करण्यासाठी ज्यांना ‘नाही’ म्हणणे सर्वांत कठीण होते त्यांना आणले गेले. आमच्या बोलीत अशा स्त्रीला ‘केस’ म्हणतात. ‘या महिन्यात किती केसेस झाल्या?’ असे विचारले जाते. हा शब्द मीही कित्येक वर्षे वापरला आहे, आणि आता तो माझ्या तोंडून निघू नये यासाठी जपते.

पैशाविषयी बोलायचे, तर रोजच्या खर्चाची भ्रांत असलेल्या घरात रोख रक्कम पुढे केली की निर्णय रकमेचा होतो. सुखवस्तू माणसाला ती रक्कम हलवू शकत नाही, म्हणून कायमची शस्त्रक्रिया गरिबाच्या वाट्याला येते आणि बदलता येणारी साधने सुखवस्तूंच्या. सवलत काढून घेणे त्याहून वाईट, कारण त्याची शिक्षा जन्माला आलेल्या मुलाला होते. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च भरून देणे मात्र मी योग्य समजते, आणि कोणतेही साधन घेतले किंवा काहीच न घेता परत गेले तरी ते द्यावे. त्यामुळे दार उघडते, पण कोणी आत ढकलत नाही.

आता ‘त्यांचेच भले’ या मुद्द्याकडे येऊ. १९६० च्या दशकात जगात एका स्त्रीला सरासरी पाच मुले होत. आज हा आकडा २.३ च्या आसपास आहे. मुलींचे शिक्षण वाढले, जन्मलेली मुले जगू लागली आणि साधने विश्वासाच्या माणसांकडून मिळू लागली, तिथे गरीब घरांतही कुटुंबे लहान झाली. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात हा आकडा सहाच्या वर होता. १९८९ मध्ये तिथे स्वेच्छेचा कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या आरोग्यघरांत स्थानिक प्रशिक्षित कर्मचारी होते, साधने मोफत होती आणि मुली शाळेत जात होत्या. वीस वर्षांच्या आत आकडा दोनच्या जवळ आला. पुढची गोष्टही पाहण्यासारखी आहे. लोकसंख्या वाढवायची म्हणून २०२१ मध्ये त्याच देशाने कायदा करून सरकारी केंद्रांतून मोफत साधने देणे थांबवले. रुमानियाने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घालून साधनेही दुर्मिळ केली होती, आणि असुरक्षित गर्भपातांमुळे मातामृत्यू कितीतरी वाढले. माणसांची मोजणी करून त्यांच्या शरीराचा निर्णय घेण्याचा अधिकार एकदा राज्यकर्त्यांच्या हाती दिला, की आज ते ‘कमी’ म्हणतील आणि उद्या ‘जास्त’ म्हणतील, आणि दोन्ही वेळा खाजगी डॉक्टर परवडणारी स्त्री वाट काढेल; अडकेल ती गरीब.

१९६८ मध्ये तेहरान येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत मुलांची संख्या आणि अंतर ठरवणे हा आईवडिलांचा मूलभूत हक्क म्हणून जाहीर झाला. १९९४ मध्ये कैरो येथील लोकसंख्याविषयक परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी व्यक्तीचे आरोग्य आणि हक्क यांना मध्यभागी ठेवण्याचे मान्य केले. तिथे जमलेले लोक भाबडे नव्हते. सक्तीने विश्वास तुटतो, आणि विश्वास तुटला की लसीकरणासाठी आलेल्या परिचारिकेलाही लोक दार उघडत नाहीत, हे त्यांतल्या अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. आपल्याला गरीब कुटुंबांची खरोखर काळजी आहे असे मी मानते. तसे असेल, तर त्यांना आपल्याइतकेच पर्याय द्या, असा आग्रह आपणही धरावा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मी दंडात कांडी बसवून घेतली. सतत थोडेथोडे अंगावर जाते, कामावर त्रास होतो. काढायला गेले तर म्हणाल्या, मुदत पूर्ण होऊ दे, सरकारचा माल फुकट जाईल. आता काय करू?

उत्तर : कांडी तुमच्या दंडात आहे, आणि ती कधी काढायची हे तुम्ही ठरवायचे. मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण सांगावे लागत नाही, आणि नवऱ्याची परवानगीही लागत नाही. ज्या केंद्राला साधन बसवता येते, त्याला ते काढताही आले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी बसवण्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि काढण्याचे राहून गेले, आणि त्याचा त्रास तुमच्यासारख्यांना होतो.

पुन्हा जाताना एखाद्या विश्वासू व्यक्तीला सोबत घ्या आणि “मला काढायची आहे, आजच” असे स्पष्ट म्हणा. रक्तस्राव कमी करण्यासाठी काही औषधे देता येतात. ती घेऊन पाहायची इच्छा असेल तर जरूर विचारा, पण ती घेण्याची सक्ती नाही. तिथे कोणालाच काढता येत नसेल, तर जिथे काढता येते त्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी लिहून मागा. घरी, ब्लेडने किंवा वैदूकडून काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. प्रशिक्षित हातांनी, जागा बधिर करून, साधारणपणे काही मिनिटांत ती निघते. काढल्यानंतर लवकरच दिवस राहू शकतात, म्हणून मूल इतक्यात नको असेल तर दुसरे साधन त्याच भेटीत मागून घ्या.